म्हादबाची अधांतरी उडी

साल दोन हजार पंचवीस. मी त्र्याहत्तर वर्षांचा. हौसा, या वयात मी जायचं आणि तू मागं राहायचं, असं आपल्यात ठरल्यासारखंच होतं. ठरवलं कुणी नव्हतं, पण मी तुझ्याहून मोठा, रक्तात साखर, छातीत आयुष्यभराचा भट्टीचा धूर. तुला कधी ताप आला तरी तू भाकरी थापता थापता घालवायचीस. अशी बाई मध्येच पुढं निघून जाईल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. रांग मोडलीस तू.

विजयनं कार्ड छापलंय. त्यात तुझं गाव, माहेरचं आडनाव, मागं कोण कोण राहिलं, सगळं आहे. फोटो आहे. तुझ्या भावाच्या, शंकरच्या मुलीच्या लग्नातला, ज्यात तू कॅमेऱ्याकडं न बघता पंगतीत कुणाला काय वाढलं नाही ते बघतीयस. ते सगळं मी परत लिहीत बसणार नाही. मी चौथी पास. खानापूर तालुक्यातनं अठराव्या वर्षी लखनौला आलो आणि अमीनाबादच्या गल्लीत सोनं-चांदी गाळत म्हातारा झालो. कागदाशी काम पडलं ते सहीपुरतं. विजय म्हणाला, "अण्णा, तुम्ही बोला, मी टाईप करतो." मी म्हणालो, "तुझ्या आईशी बोलायला मला मध्ये माणूस लागत नाही." म्हणून हे माझ्याच हातचं आहे. अक्षर वाकडं येतंय, तू समजून घे. तुला तरी कुठं वाचायची घाई असायची.

बोलायचं आहे ते म्हादबाबद्दल.

तुला सगळं ठाऊक आहे, पण हे चार लोक वाचतील, त्यांना कळावं म्हणून सांगतो. विजय शाळेत असताना हट्टाला पेटला आणि आपण अमीनाबादेतनंच त्याला तो व्हिडिओ गेम घेऊन दिला. काळा डबा, वायरीचे दोन रिमोट, आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटमध्ये रानटी माणूस. फार फार पूर्वीचा, माणूस गुहेत राहायचा तेव्हाचा. अंगाला कातडं, हातात सोटा, डोक्यावर केसांचं टोपलं. तू पहिल्यांदा बघितलास आणि म्हणालीस, "अगं बया, ह्यो तर आमचा म्हादबा!" तुझ्या माहेरी कुणी म्हादबा होता, त्याचे केस असेच होते म्हणे. तेव्हापासून त्याचं नाव तेच पडलं.

सुरुवातीला एक चित्र येतं. म्हादबा आणि त्याची बायको शेकोटीपाशी बसलेत, मटणाचा तुकडा भाजतायत. बटन दाबलं की वरनं एक भलंमोठं कातडी पंखांचं जनावर येतं, बायकोला पायांत धरून उडून जातं. तू त्याला वाघूळ म्हणायचीस. मग म्हादबा उठतो, सोटा उचलतो आणि तिला आणायला निघतो. रान, दलदल, बर्फ, मग आगीचा डोंगर. दगडावरनं दगडावर उड्या. वाटेत डायनासोर, ज्यांना तू घोरपडी म्हणायचीस. धाकली घोरपड, थोरली घोरपड. विजयनं एकदा तुला शिकवायला घेतलं, "मम्मी, असली में तो डायनासोर के टाइम पे इंसान था ही नहीं." तू त्याच्या पुढ्यात ताट ठेवत म्हणालीस, "तू गेलतास का बघायला?"

तेव्हा तू खेळत नव्हतीस. पोरगा खेळायचा, तू राखण बसायचीस. पुढं तो कॉलेजला गेला, नोकरीला लागला, लग्न करून सरोजिनी नगरला राहायला गेला. शहराच्या त्या टोकाला तो आणि जानकीपुरमच्या या टोकाला आपण. एक दिवस तू ट्रंकेतनं ती कॅसेट काढलीस, चुलीला घालावी तशी तिच्यात फुंकर घातलीस, आणि जुन्या डबा टीव्हीसमोर पाट घेऊन बसलीस. डोळ्याला चष्मा, हातात रिमोट, पदर खोचलेला.

मी म्हणालो, "म्हातारपणी माकडासारख्या उड्या काय मारतीस?"

"मी कुठं मारतीया? त्यो मारतोय."

मला राग आला होता. खरं सांगायचं तर लाज वाटली होती. शेजारच्या शुक्ला भाभी आल्या आणि त्यांनी बघितलं तर काय म्हणतील, ही भीती. म्हणून मी लाकडी तख्तावर टीव्हीकडं पाठ करून बसायला लागलो. तू दुपारी खेळायला बसलीस की मी पाठ फिरवायचो. मटार सोलायचो, तांदूळ निवडायचो, नाहीतर नुसताच बसायचो. समोर लोखंडी कपाट, दाराला आरसा. तू बसायच्या आधी पदरानं तो आरसा लख्ख पुसायचीस. मला वाटायचं, कुंकू नीट करायला.

त्या आरशात टीव्ही दिसायचा, हौसा.

वर्षानुवर्षं मी पाठमोरा बसून तुझा म्हादबा बघितला. कुठल्या दगडाखाली घोरपड दडलीय, कुठला बर्फ पायाखाली फुटतो, कुठं थांबायचं आणि कुठं धावायचं, सगळं मला पाठ होतं. तो पडला की माझ्या हातातला मटार थांबायचा. तू उडी बरोबर मारलीस की मी मनात म्हणायचो, शाब्बास. तोंडानं म्हणायचो, "आवाज कमी कर."

तू कितीदा रिमोट पुढं केलास. "घ्या की एक डाव."

"हे हात चांदी गाळायचे आहेत. खेळण्याला लावायचे नाहीत."

"बरं, ऱ्हाऊ द्या. चांदी कुठं पळून चालली."

आगीच्या डोंगरावरनं आपलं एक भांडण मिटायचं राहिलं. खालनं लाल रस वाहत येतो ना, तो रंग मला कधी पटला नाही. मी म्हणायचो, वितळलेला धातू असा गुलाबी दिसत नाही, मुशीत बघ एकदा, डोळा दिपतो. तू म्हणायचीस, "तुमची मूस न्हाई ती. डोंगर हाय. डोंगराला काय तुम्ही गाळलाय?" दुसरं भांडण याहून मोठं. मी म्हणायचो, या गेमला शेवट नसतोच. फिरून पहिल्यापासून येतं. बायको बियको कुणी सापडत नाही, हा सगळा पोरांना बसवून ठेवायचा धंदा. विजयनं लहानपणी शेवट केला होता, तो सांगायला तोंड उघडायचा, तर तू दोन्ही कान दाबून धरायचीस. "सांगू नगंस. मी बघणार हाय." आणि तू आगीच्या डोंगरापर्यंत जायचीस आणि पडायचीस, परत पहिल्यापासनं. या जुन्या गेममध्ये मिळवलेलं राखून ठेवायची सोय नाही. वीज गेली आणि इन्व्हर्टरची जुनी बॅटरी बसली की पुसलं. लखनौची वीज. किती वेळा तू दलदलीतनं घरी परतलीस त्याला गणती नाही.

एक गोष्ट मला तेव्हा कळायची नाही. ते पहिलं चित्र आलं, की तू लगेच बटन दाबायची नाहीस. चहाचा कप घेऊन बसायचीस. ती दोघं शेकोटीपाशी बसलेली, तू त्यांच्याकडं बघत. मी म्हणायचो, "कर की सुरू, वीज जाईल." तू म्हणायचीस, "बसू द्या की जरा दोघांना. बटन दाबल्याबिगर वाघूळ येत न्हाई."

आणि त्या एका दुपारी मी म्हणालो होतो, "एवढ्या आगीतनं एका बायकोपायी जातोय, म्हणजे वेडाच म्हणायचा."

"मग काय करावं त्यानं?"

"घरी बसावं. रडावं दोन दिवस."

तू रिमोट मांडीवर ठेवलास. "मला न्हेलं असतं तर तुम्ही आला असता का?"

"दुकान कोण बघणार?"

तू हसलीस. "हां, ते बी खरंच." पण तू सोडलं नाहीस. मध्येच कधीतरी, भाजी चिरताना, रिक्षात बसताना, विचारायचीस, "सांगा की, आला असता का?" मी म्हणायचो, "कशाला? तुझ्या बडबडीला कंटाळून वाघूळच दोन दिवसांत परत आणून सोडेल." दुकान पुतण्याच्या हाती दिलं त्या दिवशी तू म्हणालीस, "आता दुकान न्हाई. आता?" मी म्हणालो, "आता गुडघे नाहीत."

'हो' इतकंच सांगायचं होतं मला. एक शब्द. तो माझ्या तोंडातनं निघाला नाही. मी आयुष्यात कुणापुढं वाकलो नाही, सराफांपुढं नाही, पोलिसांपुढं नाही. तू काही वाकायला सांगत नव्हतीस. तू नुसतं विचारत होतीस.

मे महिना होता. बाहेर गरम वाऱ्याची लू चालली होती, खिडकीला ओली चादर बांधलेली. मी पाठ करून आंबे चोखायला पिळून ठेवत होतो. तू आगीच्या डोंगरावर होतीस. त्या दिवशी तू पडत नव्हतीस. आरशात मला कधी न बघितलेले दगड दिसायला लागले आणि गेमचे सूरही नवीन. तू म्हणालीस, "आज जमतंय जणू." माझ्या हातातला आंबा तसाच राहिला. वर कोपऱ्यात म्हादबाचं एकच तोंड उरलेलं दिसत होतं, म्हणजे एकच जीव. आणि मग सूर एकदम थांबले.

मी आरशात बघितलं. म्हादबा दोन दगडांच्या मध्ये, हवेत. पाय पसरलेले, सोटा वर. खाली तो लाल रस. तू थांबवायचं बटन दाबलं होतंस, उडी चालू असतानाच. आणि तुझा दुसरा हात छातीवर होता.

"अवं, जरा पाणी द्या."

मी वळलो. किती वर्षांनी मी त्या टीव्हीकडं तोंड करून बसलो होतो, पण बघितलं तुझ्याकडंच. तुझ्या कपाळावर घाम, पंखा डोक्यावर चालू असताना. शुक्ला भाभींनी गाडी काढली. त्यांनी तुला एका बाजूनं धरलं, मी एका बाजूनं, आणि दारात तू मान वळवून म्हणालीस, "बंद करू नगा हं. आल्यावर बघते."

हे तुझं शेवटचं बोलणं. पुढं हॉस्पिटलात नाकाला नळी होती, तू डोळ्यांनी काही म्हणत होतीस, मला ते वाचता आलं नाही. मी चौथी पास आहे, हौसा. दिवेलागणीला तू नव्हतीस.

तुला घरी आणलं, तेव्हा टीव्ही चालूच होता. म्हादबा हवेतच होता. मी तुझं हिरवं लुगडं काढलं आणि टीव्हीवर टाकलं. बंद केला नाही.

मग माणसं यायला लागली. गावाकडनं तुझा भाऊ शंकर आला. अमीनाबादेतले आपले सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले आले. त्यांनी बघितलं, घरात दिवा लावलाय, बाई गेलीय, आणि कोपऱ्यात लुगड्याखाली टीव्ही उजेड मारतोय. शुक्ला भाभी हळू आवाजात म्हणाल्या, "भाईसाहब, ग़मी के घर में टीवी चल रहा है. लोग क्या कहेंगे?"

मी म्हणालो, "चल नहीं रहा. रुका हुआ है."

त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं. फिरू दे.

वीज जायची तेव्हा खरी पंचाईत. इन्व्हर्टरवर पंखेही चालतात आणि टीव्हीही, बॅटरी जुनी. वीज गेली की मी उठून सगळे पंखे बंद करायचो. मे महिन्यात, लखनौत. सुतकाला आलेली माणसं घामानं निथळतायत, वर्तमानपत्रानं वारा घेतायत. शंकर माहेरचा मानकरी, त्याचा आवाज चढला. "दाजी, आवं माणसं उकडून चालली! पंखा बंद आन टीव्ही चालू, ह्यो कुठला न्याय?"

"मग अंगणात बसा. तिथं झाड आहे."

"अक्काला आवडलं असतं का हे?"

"तुझ्या अक्काचाच हुकूम आहे," मी म्हणालो. यापुढं सांगायची माझी तयारी नव्हती. सांगितलं असतं तर शंकरनं गावभर केलं असतं, की दाजी गेमपायी माणसं उकडतात.

विजयनं मात्र एकदा लुगड्याचं टोक उचलून आत बघितलं. त्याच्या लक्षात आलं. तो बराच वेळ तसाच उकिडवा बसला होता, टोक हातात धरून. दुसऱ्या दिवशी त्यानं इन्व्हर्टरला नवी बॅटरी आणून जोडली, आणि काळ्या डब्याचा अडॅप्टर तापतो म्हणून त्याच्यासमोर छोटा पंखा लावला. हे पोर तू वाढवलंस. मी फक्त फी भरली.

मला बटन दाबायचा धीर नव्हता. ती उडी तुझी होती. तू केलेली शेवटची गोष्ट, अजून खाली न आलेली. दाबलं की ती संपणार.

दहाव्याला आम्ही गोमतीच्या घाटावर गेलो. पंडितजी इथलेच, त्यांना आपली रीत माहीत नाही. पिंड ठेवले, पाणी दिलं, आणि ते आवराआवर करायला लागले. शंकरनं त्यांचा हात धरला. "रुको, रुको पंडितजी! हमारे में कौवा शिवना पडता है. कौवा पिंड को नहीं शिवा तो आत्मा अटकता है."

पंडितजी म्हणाले, "इधर तो ऐसा नहीं होता, भैया. पर आप लोग कर लीजिए, हम छाँव में बैठे हैं."

पिंपळावर कावळे होते. भरपूर होते. एक खाली आला, पिंडाभोवती दोन पावलं टाकली, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. आम्ही थांबलो. ऊन वर आलं, वाळू तापली. शंकरनं हात जोडले. "अक्का, तुझ्या भाचीचं बाळंतपण आमी नीट करू. काळजी करू नगंस." कावळा आला नाही. विजय पुढं झाला. "आई, अण्णांना मी एकटं ठेवणार नाही. सरोजिनी नगरला घेऊन जातो." पिंपळावरचं एक पानही हललं नाही, आणि माझ्या मनात आलं, बरं झालं.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. नवऱ्यानं बोलायचं असतं. मला माहीत होतं तुझं काय अडकलंय. त्या घाटावर मला एकट्याला माहीत होतं, आणि विजयला. मी मनातल्या मनात म्हणालो. कावळा आला नाही. मनातलं तुला कधी पुरलंय? मग मी मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांच्या देखत, गावच्या माणसांच्या देखत:

"हौसे, टीव्हीतला तुझा म्हादबा मी पलीकडं नेतो. शेवट मी करतो."

शंकर माझ्याकडं बघतच राहिला. "दाजी, काय बोलताय?" कुणीतरी मागनं म्हणालं, ऊन लागलंय, सावलीत घ्या. विजय खाली बघत होता, त्याच्या खांद्यावरनं कळत होतं की तो रडतोय.

आणि तरी कावळा आला नाही.

मला तुझा राग आला, हौसा. तुला सांगतो, खूप राग आला. मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत तोंड उघडलं आणि तू भरवसाच ठेवला नाहीस! शेवटी शंकरनं दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. सगळ्यांनी हुश्श केलं. गाडीत तुझ्याशी भांडत होतो. म्हणे भरवसा नाही. प्रत्येक दगड मला पाठ आहे. तुझ्यापेक्षा जास्त वेळा बघितलाय मी तो डोंगर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली. पाहुणे गावाला जायला निघाले होते, शंकरला स्टेशनवर सोडायला माणसं गेली. घरात मी आणि विजय. मी तुझा पाट घेतला, टीव्हीसमोर मांडला आणि लुगडं काढलं. म्हादबा तसाच, हवेत. पडद्यावर धूळ. मी लुगड्यानंच पुसली.

विजय म्हणाला, "अण्णा, मी करू का? मला येतं. आईसाठी मी करतो."

"नाही. मी बोललोय."

"मग ऐका. मधलं बटन दाबलं की चालू होईल. हे उडीचं. आणि हे राइटला जायचं, राइट दाबून ठेवायचं."

"मला माहीत आहे."

रिमोट हातात घेतला. हलका होता, पोरांच्या खेळण्यासारखा. तुझ्या अंगठ्यानं घासून त्याच्या बटनावरची खूण गेलेली. मी त्याच जागी अंगठा ठेवला आणि मधलं बटन दाबलं.

सूर सुरू झाले. म्हादबा खाली आला आणि पलीकडच्या दगडावर उभा राहिला. मी काहीच केलं नव्हतं. उडी तू बरोबर मारली होतीस, हौसा. इतके दिवस तो पडतोय की पोचतोय हे मला कळत नव्हतं, आणि तो पोचलाच होता.

पुढचा दगड जवळ होता. सोपा होता. मी उडीचं बटन दाबलं आणि अंगठा जोरात रेटला, जसा मी वर्षानुवर्षं मनात रेटत आलो होतो. विजय ओरडला, "अण्णा, राइट! राइट!"

म्हादबा मागच्या बाजूला उडाला आणि सरळ आगीत गेला.

"उलटे क्यों गए, अण्णा? मी सांगितलं होतं ना, राइट..."

मी मागं वळून कपाटाकडं बघितलं. विजयनं पण बघितलं. आरशात टीव्ही दिसत होता, आणि टीव्हीसमोर पाटावर मी. आरशात म्हादबा कायम डावीकडं चालायचा. मी त्याला दुसरीकडं जाताना कधी बघितलंच नव्हतं.

विजय आरशाकडं बघत म्हणाला, "तुम्ही बघत होता? इतकी वर्षं?" मी मान हलवली. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. "आईला माहीत होतं, अण्णा. ती मला फोनवर सांगायची, तुझ्या अण्णांसाठी आरसा पुसून ठेवलाय, आता बसते खेळायला. मला वाटायचं, ती दाढीचं बोलतीय."

आरशावर धूळ होती. तू गेल्यापासनं कुणी पुसला नव्हता.

टीव्ही काळा झाला, आणि मग पहिलं चित्र आलं. म्हादबा आणि त्याची बायको, शेकोटीपाशी. मटणाचा तुकडा भाजतायत. तुझी सगळी वाट, रान, दलदल, बर्फ, सगळं पुसलं गेलं होतं. आणि ती तिथं बसली होती, त्याच्या शेजारी.

विजयनं चहा करून आणला. मी कप घेतला आणि तसाच बसलो. बटन दाबल्याबिगर वाघूळ येत नाही. कितीही वेळ बसू दे त्यांना, कुणी उठवत नाही. आता कळलं तू काय बघत बसायचीस. मी घोट घोट चहा प्यायलो, जितका सावकाश पिता येईल तितका. वीज होती. पंखा चालू होता.

विजय म्हणाला, "अण्णा, राहू द्या आता. बंद करू का?"

हौसा, तू विचारायचीस ना. दुकान नाही. गुडघेही नाहीत.

मी कप खाली ठेवला आणि बटन दाबलं. वाघूळ आलं, तिला पायांत धरून घेऊन गेलं. म्हादबा उठला, त्यानं सोटा उचलला. मी अंगठा उजवीकडं ठेवला.